हिरव्याचा हिशेब

सणाला हिरवी साडी निवडताना आपण फारसा विचार करत नाही. पण रानात जिकडेतिकडे दिसणारा हा रंग कापडावर आणणं पूर्वी मोठं जिकिरीचं होतं. पानांचा रंग धुण्यात टिकत नाही. म्हणून रंगारी कापड एकदा पिवळ्यात आणि एकदा निळीत बुडवत. एका रंगाला दुप्पट खर्च! बँकेत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला हा हिशेब चटकन कळतो.

युरोपातल्या ओलसर जमिनीत आल्डर वाढतो. लोखंडाच्या सोबतीनं त्याची साल काळा रंग देते. तिथलाच बकथॉर्न आपल्या बोरीच्या कुळातला. त्याची कच्ची फळं पिवळा रंग देतात, पिकलेली चित्रकारांना हिरवा.

कापडाचा हिरवा मात्र चिनी रंगाऱ्यांनी काढला, तोही बकथॉर्नच्या भाऊबंदांच्या सालीतून. त्याचं नाव लो-काओ. सालीच्या काढ्यात भिजवलेलं सुती कापड उजेडात पसरलं की हिरवं होई. फ्रान्समधल्या ल्योनचे रेशीमवाले या रंगावर भाळले, कारण दिव्याच्या उजेडातही तो हिरवाच दिसे. १८५८ मध्ये नातालिस राँदो यांनी त्यावर ग्रंथच लिहिला.

चारच वर्षांनी, १८६२ च्या सुमारास, कोळशाच्या डांबरापासून रासायनिक हिरवा निघाला. लो-काओ मागे पडला.

कारखान्याच्या रंगाला नावं कशाला ठेवायची? त्यांनीच रंगीत लुगडं गरिबाच्या आवाक्यात आणलं. पण खातं बंद झालं तरी बँक खतावणी जपून ठेवते. हातातल्या विद्येची खतावणी आपण ठेवतो का?