फुटबॉलच्या पंचाचा वेग आणि सविराम व्यायाम

'हाय इंटेन्सिटी इंटरव्हल ट्रेनिंग' या व्यायामपद्धतीस 'तीव्र-खंडित व्यायाम' असा पर्याय सुचण्याजोगा आहे. परंतु 'खंडित' या शब्दाने काहीतरी मोडल्याचा भास होतो. वस्तुतः या पद्धतीत दोन धावांमधील विराम हा व्यायामाचाच घटक असतो. म्हणून येथे 'सविराम व्यायाम' हा शब्द योजिला आहे.

फुटबॉलचा पंच सामन्यातील बराच काळ चालतो किंवा संथ धावतो; मधूनच त्याला एकाएकी पूर्ण जोराने धावावे लागते, आणि ती वेळ ठरविणे त्याच्या हाती नसते. क्रुस्ट्रुप व बांग्सबो यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अव्वल दर्जाचे पंच एका सामन्यात सरासरी १०.०७ किलोमीटर अंतर आक्रमितात असे आढळले. पैकी तीव्र धाव अवघी १.६७ किलोमीटर, आणि उत्तरार्धात नेमकी तीच घटत होती. सामन्याचा निकाल बहुधा ज्या घटकांत लागतो, त्याच वेळी पंच नियमभंगाच्या स्थळापासून दूर राहण्याचा संभव वाढावा, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

हे का घडते? अल्पकाळच्या जोरदार धावेस लागणारी ऊर्जा बऱ्याच अंशी स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिनपासून मिळते. हा साठा काही सेकंदांतच ओसरू लागतो व विरामात प्राणवायूच्या साहाय्याने पुन्हा भरतो. दहाव्या धावेचा वेग म्हणूनच नवव्या धावेनंतर ही भरपाई कितपत झाली यावर पुष्कळसा अवलंबून असतो. सविराम व्यायामाने वाढते ती मुख्यतः ही भरपाईची शक्ती. उपर्युक्त अभ्यासात अशा व्यायामानंतर आठ पंचांची सामन्यातील तीव्र धाव १.६९ वरून २.०६ किलोमीटरवर गेली. सरासरी हृदयस्पंद मात्र मिनिटास १६४ वरून १५९ वर उतरले. 

तथापि एकाच धावेचा परमोच्च वेग ही निराळी बाब होय. त्यासाठी आखूड, पूर्ण जोराच्या धावा व त्यांमध्ये भरपूर विश्रांती हवी. दोन्ही हेतू एकाच सत्रात साधू पाहणारे शिक्षक बहुधा दोन्हींस मुकतात. फिफाने २०१६ साली आणलेल्या कसोटीतही हा भेद पाळलेला दिसतो. आंतरराष्ट्रीय पुरुष पंचाने प्रथम ४० मीटरच्या सहा धावा प्रत्येकी ६ सेकंदांत घ्यावयाच्या. नंतर ७५ मीटर १५ सेकंदांत धावून २५ मीटर १८ सेकंदांत चालावयाचे, असे चाळीस वेळा.