हत्तीच्या पोटातलं घर

दोस्तांनो, हत्तीच्या पाठीवर तुमच्यापैकी काहीजण बसले असतील. पण हत्तीच्या पायातल्या गोल जिन्यानं चढून कधी त्याच्या पोटात शिरलात? त्याच्या डोळ्यांतून समुद्र पाहिलात? हसताय काय! असा हत्ती खरंच आहे. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात मार्गेट नावाचं गाव आहे. तिथं समुद्रकाठी, रस्त्यालगत तो उभा आहे. नाव लुसी!

लुसी म्हणजे हत्तीच्या आकाराची इमारत. उंची ६५ फूट, म्हणजे जवळजवळ सहामजली घराएवढी. वजन सुमारे ९० टन. आतला सांगाडा लाकडाचा, वरून पत्र्याची कातडी. अंगावर २२ खिडक्या आणि पाठीवर झोकदार अंबारी! एक गंमत तुमच्या लक्षात येईल. लुसी हे बाईचं नाव, पण तिला चांगले लांब सुळे आहेत. आपल्याकडच्या हत्तिणीला असे सुळे असतात का? नाही ना! पण नाव पडलं ते पडलंच.

हा उद्योग केला कुणी? जेम्स लॅफर्टी नावाच्या माणसानं, १८८१ साली. त्याला तिथल्या जमिनीचे प्लॉट विकायचे होते. पण नुसती वाळू बघायला कोण येणार? मग त्यानं हत्ती बांधला. लोक हत्ती बघायला आले, की तो त्यांना वर अंबारीत न्यायचा आणि तिथून प्लॉट दाखवायचा! १८८२ मध्ये प्राण्याच्या आकाराच्या इमारतींचं पेटंटही त्यानं मिळवलं. म्हणजे लुसी ही खरं तर एक जाहिरात होती.

असे आणखी दोन हत्ती उभे राहिले होते. एक न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडला. तो १८९६ मध्ये जळाला. दुसरा केप मे इथं होता. तो १९०० साली पाडून टाकला. उरली एकटी लुसी. तिचे मालक बदलले. कधी तिच्या पोटात एका कुटुंबानं बिऱ्हाड थाटलं, तर कधी तिथं दारूचा गुत्ता निघाला.

पण समुद्राचा खारा वारा कुणाला सोडतो? पत्रा गंजला, लाकूड कुजलं. १९७० पर्यंत लुसी अगदी मोडकळीला आली. त्यातच ती उभी होती ती जमीन विकली गेली. लुसीला तीस दिवसांत हलवा, नाहीतर ती पाडली जाईल, असा प्रसंग आला.

आता ९० टनांचा हत्ती हलवायचा कसा? गावकरी डगमगले नाहीत. त्यांनी समिती स्थापन केली, दारोदार फिरून वर्गणी गोळा केली. शेवटी २० जुलै १९७० या दिवशी लुसीला चाकांवर चढवलं. रस्त्यावरून हळूहळू ओढत नेलं. अंतर किती, तर जेमतेम दोन गल्ल्यांचं. पण त्याला लागले सात तास! पुढे डागडुजी झाली आणि १९७६ मध्ये अमेरिकन सरकारनं तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला. २०२१-२२ मध्ये तर तिची जुनी कातडी काढून नवी धातूची कातडी चढवली.

लुसीत ना कुणी राजा राहिला, ना तिथं कुठली लढाई झाली. लॅफर्टीनं तर ती प्लॉट खपवायला बांधलेली! पण आजोबा तिच्यात चढले होते, बाबा चढले होते, म्हणून गावाला ती आपली वाटली. ती वाचली ती एवढ्यामुळेच.

तुमच्या शाळेच्या वाटेवरही एखादी विचित्र वास्तू असेल. ‘तिथून डावीकडे वळा’ असं सांगताना सगळे तिचंच नाव घेत असतील. ती कुणी बांधली, कशासाठी बांधली, हे घरातल्या आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा बरं. आणि ते सांगतील ते वहीत लिहून ठेवा. उद्या ती पाडायची वेळ आली, तर तिची बाजू मांडायला तुमची वही उपयोगी पडेल!