जुन्या संगणकाचे चित्र कोठे हरवते?

माळ्यावरून उतरवलेला जुना घरगुती संगणक टीव्हीला जोडला आणि पडद्यावर मुंग्यांखेरीज काहीच उमटले नाही, की तो 'गेला' असे समजून भंगारात देण्याची आपल्याकडे रीत आहे. प्रत्यक्षात त्यांतील बरेच संगणक मेलेले नसतात. त्यांचे चित्र पडद्यापर्यंत पोहोचण्याच्या वाटेत कोठेतरी अडलेले असते. ही वाट बाहेरून आत अशा क्रमाने तपासली, तर दोष कोणत्या टप्प्यावर आहे हे पुष्कळदा घरच्या घरी कळू शकते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर या विषयाचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने विकलेला 'डीबी स्पेक्ट्रम प्लस'. ब्रिटनमधील सिंक्लेअर रिसर्च कंपनीने १९८२ मध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम बाजारात आणला आणि १९८४ मध्ये त्याची सुधारित 'प्लस' आवृत्ती काढली. तिचाच हा परवान्याने तयार झालेला भारतीय अवतार. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अनेक मध्यमवर्गीय घरांत शिरलेला पहिला संगणक हाच होता. त्याला स्वतःचा पडदा नव्हता. घरातला टीव्ही हाच त्याचा पडदा आणि टेपरेकॉर्डर हीच त्याची साठवण.

वैतरणा ते तारापूर : हवा आणि लहरी

पश्चिम रेल्वेने विरार ओलांडले की वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर आणि बोईसर ही स्थानके लागतात. खाडी आणि समुद्र यांच्या शेजारच्या या पट्ट्यात अशा यंत्रापुढे दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली हवेची. वैतरणेच्या खाडीची दमट हवा, किनाऱ्यावरचा खारा वारा आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास हवेत मिसळणारी रासायनिक द्रव्ये यांमुळे तांब्या-पितळेच्या जोडण्यांवर थर चढतो. चार पावसाळे बंद पेटीत पडलेल्या संगणकाची टीव्हीकडे जाणारी खोबण, अॅडॉप्टरची पिन आणि पाठीमागची धातूच्या पट्ट्यांची कड ही सर्वप्रथम संशयित धरावी. शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या कापसाने ती पुसल्यावरच पुढे जावे.

दुसरी अडचण दूरचित्रवाणीच्या लहरींची. मूळ स्पेक्ट्रम आपले चित्र यूएचएफ पट्ट्यातील ३६ व्या वाहिनीवर पाठवी. त्या काळातील अनेक भारतीय टीव्ही संचांत मात्र केवळ व्हीएचएफ पट्ट्याच्या १२ वाहिन्या होत्या. अशा संचाचा खटका कितीही फिरवला, तरी ३६ वी वाहिनी सापडणे शक्य नाही. शिवाय संगणकातून निघणारी तार ७५ ओहमची गोल केबल, तर जुन्या संचाला मागे ३०० ओहमच्या चपट्या तारेसाठी दोन स्क्रू. मध्ये बलून नावाचा छोटा जोड नसेल, तर चित्र फिके किंवा दुहेरी दिसते. मुंबईचे प्रक्षेपण ओढण्यासाठी गच्चीवर अँटेना आणि घरात बूस्टर असेल, तर संगणकाची तार बूस्टरमधून नेऊ नये. ती सरळ टीव्हीलाच जोडावी.

ब्रिटन आणि भारत या दोन्ही देशांची रंगपद्धती 'पाल' असली, तरी चित्र आणि ध्वनी यांतील अंतर दोन्हीकडे वेगळे होते. स्पेक्ट्रमच्या या आवृत्तीत त्याने काही बिघडत नाही. तिचा आवाज टीव्हीतून येतच नाही, तो संगणकातील छोट्या स्पीकरमधून येतो. ही गोष्ट पुढील तपासणीत फार उपयोगी पडते.

मुंग्या की कोरा पडदा?

संगणक बंद ठेवून पडद्यावरील मुंग्या पाहाव्यात आणि मग तो सुरू करावा. ठरलेल्या वाहिनीवर मुंग्या तशाच राहिल्या, तर टीव्हीपर्यंत लहरच पोहोचत नाही. दोष तार, खोबण, वाहिनीची जुळणी, वीजपुरवठा किंवा लहर तयार करणारा मॉड्युलेटर यांपैकी कशात तरी आहे. मुंग्या नाहीशा होऊन पडदा स्वच्छ काळा किंवा करडा झाला, तर मॉड्युलेटर काम करतो आहे, पण त्याच्या हाती चित्र येत नाही. या एका निरीक्षणाने निम्मा शोध संपतो.

चित्राविनाही संगणक जिवंत आहे की नाही हे कानाने ओळखता येते. सुरू केल्यावर काही सेकंद थांबून कळा दाबल्या, तर प्रत्येक कळीबरोबर स्पीकरमधून अगदी बारीक 'टिक' ऐकू येते. ती मोठी करता येते. 'ओ' अक्षराची कळ दाबली की 'पोक' ही आज्ञा आपोआप उमटते. तिच्यापुढे २३६०९, स्वल्पविराम आणि १०० टंकून 'एंटर' दाबावे. यानंतर प्रत्येक कळ स्पष्ट वाजू लागली, तर प्रोसेसर, स्मृती आणि कळफलक ठीक आहेत आणि बिघाड केवळ चित्राच्या वाटेवर आहे, असा निष्कर्ष निघतो. याची उलट बाजू मात्र खरी नाही. कळफलकाखालची प्लास्टिकची पट्टी वयोमानाने ठिसूळ होऊन तुटते. तसे झाले असेल, तर संगणक ठणठणीत असूनही आवाज येणार नाही.

वीजपुरवठ्याची कसोटी

स्पेक्ट्रमचा अॅडॉप्टर ९ व्होल्टचा असतो आणि त्याच्या पिनेचा मधला भाग ऋण असतो. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अॅडॉप्टरांत मधला भाग धन असतो. केवळ पिन बसते म्हणून असा अॅडॉप्टर लावणे हा धडधाकट संगणक बिघडवण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. मूळ अॅडॉप्टर भार नसताना मल्टिमीटरवर ९ पेक्षा बराच अधिक दाब दाखवतो, तो दोष मानू नये.

आत ७८०५ हा नियामक ५ व्होल्ट पुरवतो. तो चांगलाच तापतो आणि तसे तापणे स्वाभाविक आहे. याखेरीज एक ट्रान्झिस्टर आणि छोटी गुंडाळी मिळून अधिक १२ आणि उणे ५ व्होल्ट तयार करतात. स्मृतीच्या पहिल्या १६ किलोबाइटसाठी वापरलेल्या ४११६ जातीच्या आठ चिपना हे तिन्ही दाब लागतात. चिपच्या पहिल्या पायावर उणे ५, आठव्यावर अधिक १२, नवव्यावर अधिक ५ आणि सोळाव्यावर शून्य मिळाले पाहिजे. उणे ५ नाहीसे झाले आणि अधिक १२ चालू राहिले, तर या चिप जळू शकतात. म्हणून संशय येताच संगणक बंद करावा. दाब पाहण्यासाठी तो पुन्हा पुन्हा सुरू करीत राहू नये.

पडदाच सांगतो दोष

चित्र येते, पण विस्कटलेले येते, अशी स्थिती निराशेची वाटते. तपासणाऱ्याला मात्र तीच सर्वांत सोयीची असते. सुरू होताच स्पेक्ट्रम पहिल्या काही आज्ञांतच पडद्याची चौकट पांढरी करतो. चौकट पांढरी झाली, याचा अर्थ प्रोसेसर जागा आहे आणि तो कायमस्वरूपी स्मृतीतील आज्ञा वाचतो आहे. मग तो उरलेल्या स्मृतीच्या प्रत्येक घरात २ हा आकडा भरून तिची परीक्षा घेतो. काळ्या पडद्यावर क्षणभर दिसणाऱ्या बारीक तांबड्या उभ्या रेघा म्हणजे हीच परीक्षा. ती पार पडली की पांढऱ्या पडद्यावर तळाशी सिंक्लेअरच्या स्वामित्वहक्काची ओळ झळकते.

पडद्यावरील चित्र २५६ बाय १९२ ठिपक्यांचे असते आणि ते त्याच पहिल्या १६ किलोबाइटमध्ये साठवलेले असते. आठ चिपपैकी प्रत्येक चिप दर आठ ठिपक्यांतील एक ठिपका सांभाळते. त्यामुळे एकच चिप बिघडली, तर दर आठ ठिपक्यांनंतर एक याप्रमाणे पडदाभर ३२ सारख्या उभ्या रेघा दिसू शकतात. रेघ अक्षराच्या कितव्या ठिपक्यावर आहे, त्यावरून नेमकी चिप ओळखता येते. आठही चिप उपटून काढण्याची गरज राहत नाही.

वरच्या ३२ किलोबाइटमध्ये बिघाड असेल, तर संगणक अनेकदा नेहमीसारखाच सुरू होतो, पण मोठा कार्यक्रम उतरत नाही. २३७३२ आणि २३७३३ या घरांत स्मृतीच्या शेवटच्या उपलब्ध घराचा क्रमांक नोंदलेला असतो. दुसऱ्या घरातील संख्येला २५६ ने गुणून पहिलीत मिळवल्यास उत्तर ६५५३५ यावे. ३२७६७ आले, तर संगणक केवळ १६ किलोबाइटवर चालला आहे.

चित्र सुबक पण कृष्णधवल असेल, तर स्मृतीकडे पाहण्याचे कारण नाही. आधी टीव्हीची रंगजुळणी तपासावी. ती ठीक असेल, तर एलएम १८८९ ही रंग मिसळणारी चिप आणि तिच्या जवळचा ४.४३ मेगाहर्ट्झचा स्फटिक यांच्याकडे वळावे. 'दोष' नसलेल्या दोषाचे आणखी एक उदाहरण याच काळातील आहे. १९८४ मध्ये शाळांसाठी सुरू झालेल्या 'क्लास' योजनेतील बीबीसी मायक्रो संगणकाच्या व्हिडिओ खोबणीतून मुळात कृष्णधवल चित्रच येई. रंगांसाठी बोर्डावरील एक जोडणी बदलावी लागे.

नवा टीव्ही, जुने चित्र

आजच्या टीव्हीला जोडण्याची प्रचलित युक्ती म्हणजे मॉड्युलेटर वगळणे. त्याच्यात शिरणारे व्हिडिओचे चित्र आतूनच खोबणीच्या मधल्या पिनेकडे वळवले आणि पूर्वीची आतली जोडणी सोडवली, की टीव्हीच्या पिवळ्या एव्ही खोबणीत चित्र मिळते. वाहिनी शोधण्याचा प्रश्नच संपतो. हा बदल पुन्हा पूर्ववत करता येईल असाच करावा. तरीही काही नवे संच चित्र नाकारतात. टीव्हीच्या प्रमाण चित्रात ६२५ रेघा दोन हप्त्यांत विणलेल्या असतात. स्पेक्ट्रम मात्र दर वेळी सुट्या ३१२ रेघा पाठवतो आणि काही डिजिटल मंडलांना ते ओळखता येत नाही. अशा वेळी दोष संगणकाला देण्यापूर्वी दुसरा टीव्ही वापरून पाहावा.

दोन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. जुन्या काचनळीच्या टीव्हीचे मागचे झाकण उघडू नये. तो बंद केल्यानंतरही आत हजारो व्होल्टचा भार उरलेला असू शकतो. आणि संगणक चालू असताना पाठीमागच्या कडेला काहीही जोडू अथवा काढू नये.

या घाईची किंमत मोठी आहे. चित्र घडवणारी यूएलए ही मध्यवर्ती चिप फेरांटी कंपनीने खास स्पेक्ट्रमसाठी बनवली होती. तिचे मूळ उत्पादन केव्हाच थांबले असून तिच्या जागी बसणाऱ्या पर्यायी चिप जगभरचे हौशी तंत्रज्ञ तयार करतात. तार, खोबण आणि दाब न तपासता थेट सोल्डरिंगची कांडी हाती घेतली, तर दोन रुपयांच्या दोषापायी हीच चिप गमवावी लागते. पुण्याच्या कारखानदारीचा आणि एका पिढीच्या पहिल्या संगणकशिक्षणाचा हा पुरावा घरोघरच्या माळ्यांवर अजून पडून आहे. तो भंगाराच्या काट्यावर चढवण्यापूर्वी एक मल्टिमीटर, थोडा कापूस आणि एक निवांत दुपार त्याला देणे योग्य ठरेल.