दहा बाय दहाची चौकडी

रोजगार हमीवर लिहायला बसलेली माणसं कायद्यापासून सुरुवात करतात. मी खड्ड्यापासून करतो. गेली वीस-बावीस वर्षं या खड्ड्यानं मला झपाटलंय. कुठं सहलीला निघालो की घरची मंडळी आधी विचारून घेतात, ‘वाटेत पाझर तलाव नाही ना?’

तरी इतिहास उरकून टाकू. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी साठच्या दशकात तासगाव तालुक्यातल्या विसापुरात प्रयोग केला. मग १९७२ चा दुष्काळ आला आणि मे १९७३ मध्ये जवळपास ५० लाख माणसं सरकारी कामांवर होती. १९७७ मध्ये विधिमंडळानं कायदा केला, तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून ‘पी. टी.’ म्हणून कापला जाणारा व्यवसाय कर याच योजनेसाठी सुरू झाला. कापणाऱ्यालाही हे ठाऊक नसतं. केंद्राच्या २००५ च्या कायद्यानं कुटुंबामागे वर्षाला १०० दिवसांची हमी दिली. ‘मागेल त्याला काम’ म्हणणाऱ्या आपल्या कायद्यात दिवसांची अशी मर्यादा नव्हती. झालं.

आता चौकडी. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट खोल, म्हणजे शंभर घनफूट. वाळूवाला आजही ज्याला एक ब्रास म्हणतो, तेवढं. मजुरी दिवसावर नव्हती, या मापावर होती. मऊ मातीला एक दर, मुरमाला दुसरा, कठीण मुरमाला तिसरा. माती किती लांब टाकली आणि किती उंच चढवली, याचा हिशेब वेगळा. म्हणून काम जोडीनं चाले. पुरुष टिकाव मारी, बाई पाट्या वाही. पुरुषाचं काम खड्ड्यात दिसे. बाईचं काम बांधावर जाऊन पडे आणि इतरांच्या मातीत मिसळून जाई. जिला जोडीदार नाही अशा विधवेचं काय व्हायचं, हा प्रश्न त्या दरपत्रकाला कधी पडला नाही. बायका-पुरुषांना एकच दर ही मोठीच गोष्ट होती, पण मापाला दया नसते.

खड्डा किती खोल गेला हे कळायला मधोमध मातीचा एक बुटका खांब तसाच सोडत. त्याच्या डोक्यावरचं गवत काढायचं नाही, हा नियम. गवत शाबूत म्हणजे मूळ जमीन इथवर होती, याची साक्ष. अर्थात लोकही हुशार. खांबावर चार बोटं माती थापून वर हराळीचा तुकडा बसवायचा आणि रात्री त्याला तांब्याभर पाणी घालायचं! मुरलेला कारकून ती हराळी चिमटीत धरून उपटून बघायचा. एका निवृत्त मोजणीदारानं मला हे अंगणात खड्डा खणून दाखवलं. त्यांच्या सूनबाईंना ते फारसं रुचलं नाही.

‘रोजगार हमी, अर्धे तुम्ही अर्धे आम्ही’ ही म्हण ऐकून शहरी माणूस हसतो आणि मजुराला कामचुकार ठरवतो. माझं मत उलट आहे. चार बोटं हराळीनं कुणी श्रीमंत झालं नाही. खरी चोरी हजेरीपटावर झाली. तिथं मेलेली माणसं कामाला येत आणि अंगठाही उठवत. अलीकडे मोबाइलवर दिवसातून दोनदा फोटो काढून हजेरी घेण्याची पद्धत आली. फोटोत माणूस दिसतो, त्यानं काय खोदलं ते दिसत नाही. शिवाय माळावर रेंज नसली तर घामाची नोंदच नाही.

१९९० मध्ये फळबागा या योजनेला जोडल्या गेल्या. सरकारी खर्चानं लोकांनी स्वतःच्या रानात आंबा, काजू, डाळिंब लावलं. मला ती योजना आवडते. तिथंही आधी खड्डाच, आंब्याला मीटरभर लांब, रुंद आणि खोल. पण तो खणणाऱ्याच्या मालकीचा!

दोन वर्षांपूर्वी माण तालुक्यातल्या एका पाझर तलावावर गेलो होतो. बहात्तरच्या दुष्काळात तिथं राबलेली एक आजी सोबत आली. बांधाच्या खालच्या अंगाला मुरमात अजून चौकोन ओळखू येतात. कडा ढासळल्यात, आत बाभळी उगवल्यात. आजी काठी टेकत एका चौकोनापाशी थांबली. ‘ही आमची.’

‘पन्नास वर्षांनी कसं ओळखलंत?’

तिनं काठीनं मध्ये दाखवलं. गुडघ्याएवढा मुरमाचा खुंट होता, वर वाळकं गवत.

‘मोजून झाल्यावर समद्यांनी आपापलं खांब पाडलं. आमची मोजायच्या आदल्या राती वळीव आला, खड्डा भरला. सायेब म्हनला, पानी उतरल्यावर येतो.’