छिन्नमनस्कता: उपचार आणि कुटुंबाचा आधार

छिन्नमनस्कता अथवा स्किझोफ्रेनिया हा विचार, आकलन, भावना आणि वर्तन यांवर परिणाम करणारा गंभीर मानसिक आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ३०० व्यक्तींमागे एकीला हा आजार असतो. तो बहुधा पौगंडावस्थेच्या अखेरीस किंवा विशीत सुरू होतो. पुरुषांमध्ये तो स्त्रियांच्या तुलनेत काहीसा लवकर दिसतो. नियमित औषधोपचार, पुनर्वसन आणि कुटुंबाचा आधार मिळाल्यास अनेक रुग्ण शिक्षण, काम व संसार पुन्हा सुरू करू शकतात. भारतात बहुसंख्य रुग्ण कुटुंबासोबतच राहतात. त्यामुळे उपचार टिकणे न टिकणे हे मोठ्या प्रमाणात घरातील माणसांवर अवलंबून असते. महाराष्ट्रातील स्वमदत गटांमध्ये रुग्णासाठी ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्यासाठी ‘शुभंकर’ हे शब्द रूढ झाले आहेत.

नाव आणि गैरसमज

‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये वापरात आणला. त्यापूर्वी जर्मन तज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी या आजाराला अकाली बुद्धिभ्रंश अशा अर्थाचे नाव दिले होते. ग्रीक मूळ शब्दांचा अर्थ ‘दुभंगलेले मन’ असा होत असल्याने एका व्यक्तीत दोन व्यक्तिमत्त्वे वावरतात, असा समज पसरला. प्रत्यक्षात दुभंग व्यक्तिमत्त्व हा वेगळा विकार आहे. छिन्नमनस्कतेत विचार, भावना आणि वास्तवाचे भान यांची परस्परसंगती बिघडते. सर्व रुग्ण हिंसक असतात, हा समजही चुकीचा आहे. बहुतेक रुग्ण कोणाला इजा करत नाहीत. उलट त्यांनाच मारहाण, फसवणूक व उपेक्षा सोसावी लागण्याचा धोका अधिक असतो.

लक्षणे

लक्षणांचे ढोबळमानाने तीन गट केले जातात. पहिल्या गटात भास, संभ्रम आणि असंबद्ध बोलणे येते. जवळ कोणी नसताना आवाज ऐकू येणे हा सर्वांत नेहमीचा भास होय. शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात, जेवणात विष कालवले आहे, आपले विचार इतरांना कळतात, असे ठाम व पुराव्याने न ढळणारे समज म्हणजे संभ्रम. दुसऱ्या गटात उत्साह मावळणे, बोलणे कमी होणे, चेहऱ्यावर भाव न दिसणे आणि माणसांत न मिसळणे यांचा समावेश होतो. तिसऱ्या गटात एकाग्रता, स्मरण आणि नियोजन यांतील अडचणी येतात.

दुसऱ्या गटातील लक्षणे घरच्यांना अनेकदा आळस किंवा हट्ट वाटतात. अंघोळ टाळणारा, दिवसभर पडून राहणारा मुलगा कामचुकार ठरवला जातो. ही आजाराचीच लक्षणे आहेत, हे कळल्यावर घरातील अनेक वाद कमी होतात. आपण आजारी आहोत ही जाणीवच पुष्कळ रुग्णांना नसते. त्यामुळे उपचारांना नकार मिळणे हेही आजारात अपेक्षित असते.

कारणे

छिन्नमनस्कतेचे एकच एक कारण सांगता येत नाही. आनुवंशिकतेचा वाटा मोठा असला, तरी तो पूर्ण नाही. समरूप जुळ्यांपैकी एकाला आजार असल्यास दुसऱ्याला तो होण्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी आढळते. गर्भावस्थेतील व प्रसूतीच्या वेळच्या गुंतागुंती, किशोरवयातील गांजाचे सेवन आणि तीव्र सामाजिक ताण यांमुळे धोका वाढतो. मेंदूतील डोपामिन या रसायनाच्या कार्यातील बिघाडाचा भास व संभ्रम यांच्याशी संबंध आहे. आईवडिलांच्या वागण्यामुळे हा आजार होतो, असे मत विसाव्या शतकाच्या मध्यास मांडले जात होते; ते आता त्याज्य ठरले आहे.

निदान

रक्ततपासणी किंवा मेंदूचे चित्रण यांवरून या आजाराचे निदान होत नाही. मनोविकारतज्ज्ञ रुग्णाशी व कुटुंबाशी सविस्तर बोलून, लक्षणांचा कालावधी व परिणाम पाहून निदान करतात. थायरॉइडचे विकार, अपस्मार, मेंदूचा संसर्ग आणि व्यसने यांमुळे अशीच लक्षणे दिसू शकत असल्याने काही तपासण्या केल्या जातात. लक्षणे सुरू होणे आणि उपचार सुरू होणे यांत जितका काळ जातो, तितकी सुधारणा कठीण होत जाते.

उपचार

१९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमॅझिन हे औषध वापरात आले आणि या आजाराच्या उपचाराची दिशा बदलली. आज रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, हॅलोपेरिडॉल अशी अनेक औषधे उपलब्ध आहेत. त्यांचा परिणाम काही आठवड्यांत हळूहळू दिसतो. दोन औषधे पुरेशा मात्रेत देऊनही गुण न आल्यास क्लोझापिनचा विचार केला जातो. या औषधाने क्वचित रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटतात. म्हणून ते घेताना नियमित रक्ततपासणी आवश्यक असते.

गुंगी, हात थरथरणे, स्नायू ताठरणे, वजन व रक्तशर्करा वाढणे हे या औषधांचे नेहमीचे दुष्परिणाम आहेत. मात्रा कमी करून किंवा औषध बदलून ते बहुधा आटोक्यात आणता येतात. बरे वाटू लागताच गोळ्या बंद करणे हे आजार उलटण्याचे सर्वांत मोठे कारण आहे. रोज गोळी घेणे जमत नसल्यास दोन ते चार आठवड्यांनी द्यावयाची दीर्घकालीन इंजेक्शने उपयोगी पडतात. औषधांच्या जोडीला समुपदेशन, सामाजिक कौशल्यांचा सराव आणि व्यवसायोपचार यांची गरज असते.

कुटुंबाची भूमिका

इंग्लंडमध्ये जॉर्ज ब्राउन व त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केलेल्या अभ्यासांतून असे दिसले, की सतत टीका, राग किंवा अतिकाळजी असलेल्या घरांत परतलेल्या रुग्णांचा आजार अधिक वेळा उलटतो. पुढे चंदीगड येथील अभ्यासात अशा तीव्र भावना व्यक्त करणाऱ्या नातेवाइकांचे प्रमाण लंडनपेक्षा कमी आढळले. याचा अर्थ कुटुंबामुळे आजार होतो असा नाही. घरातील वातावरणामुळे आजाराचा पुढील मार्ग बदलू शकतो, एवढाच आहे.

संभ्रमाविषयी वाद घालून उपयोग होत नाही आणि त्याला होकार देणेही योग्य नसते. ‘तुला तसे वाटते आणि त्याची भीती वाटते, हे मला कळते, मला मात्र तो आवाज ऐकू येत नाही’, अशा स्वरूपाचे उत्तर विश्वास टिकवते. झोप उडणे, संशय वाढणे, जेवण टाळणे ही आजार उलटण्याची पूर्वचिन्हे प्रत्येक रुग्णात ठरावीक असतात. ती लिहून ठेवल्यास वेळीच डॉक्टरांकडे जाता येते. अन्नात लपवून औषध देण्याने संशयी रुग्णाचा घरच्या जेवणावरील विश्वास उडतो. रुग्णाला झेपेल असे छोटे काम नेमून देणे हितकारक असते. ‘लग्न केले की सुधारेल’ या समजुतीने आजार लपवून केलेले विवाह मात्र दोन्ही घरांना संकटात टाकतात.

या आजारात आत्महत्येचा धोका सर्वसामान्यांपेक्षा बराच अधिक असतो. मरणाची भाषा किंवा इजा करण्याचा आदेश देणारे आवाज यांकडे दुर्लक्ष न करता त्वरित वैद्यकीय मदत घ्यावी लागते. काळजीचा भार पुष्कळदा आई, पत्नी किंवा बहीण अशा एकाच व्यक्तीवर पडतो. तो वाटून घेणे हाही उपचाराचाच भाग मानला जातो.

कायदेशीर तरतुदी

२०१८ मध्ये अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार शासकीय खर्चाने चालणाऱ्या मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. सज्ञान व्यक्तीला उपचारांविषयीची आपली इच्छा आगाऊ लिहून ठेवता येते आणि स्वतःचा प्रतिनिधी नेमता येतो. रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास, तसेच भूल न देता विद्युत उपचार करण्यास या कायद्याने मनाई केली आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण आगीत मरण पावले होते. त्या घटनेने या प्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधले. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या बहाण्याने बांधून मारहाण करणे हा गुन्हा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश असून ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाल्यास विविध सवलतींसाठी अर्ज करता येतो.

महाराष्ट्रातील कार्य

राज्यात ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर आणि रत्नागिरी येथे जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. कॅनडास्थित संख्याशास्त्रज्ञ डॉ. जगन्नाथ वाणी यांनी कुटुंबातील आजाराच्या अनुभवातून पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ ही संस्था उभी केली. तेथे स्वमदत गट व पुनर्वसनाचे काम चालते. त्यांच्या पुढाकाराने सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ (२००४) हा चित्रपट तयार झाला. त्यात अतुल कुलकर्णी यांनी छिन्नमनस्कता असलेल्या तरुणाची, तर सोनाली कुलकर्णी यांनी त्याला सांभाळणाऱ्या बहिणीची भूमिका केली आहे.

घरापर्यंत पोहोचणाऱ्या सेवेचा महत्त्वाचा भारतीय अभ्यास २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तमिळनाडू, गोवा आणि सातारा येथील २८२ रुग्ण त्यात सहभागी होते. प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी मनोविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली दिलेली सेवा नेहमीच्या उपचारांना जोडल्यास, केवळ रुग्णालयीन उपचारांपेक्षा वर्षअखेर लक्षणे व असमर्थता काही प्रमाणात अधिक कमी होतात, असे त्यात आढळले.

बारामती आणि इंदापूर परिसर

बारामती व इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील ऊसपट्ट्याचे तालुके आहेत. येरवड्याचे मनोरुग्णालय बारामतीहून सुमारे १०० आणि इंदापूरहून सुमारे १४० किलोमीटर अंतरावर आहे. दर महिन्याच्या तपासणीसाठी हा प्रवास करायचा म्हणजे रुग्ण आणि सोबतचा माणूस अशा दोघांची दिवसाची मजुरी बुडते. गाळप हंगामात कामासाठी स्थलांतर करणाऱ्या ऊसतोड कुटुंबांत औषधांत खंड पडण्याचा धोका आणखी वाढतो. म्हणून जवळच्या ठिकाणी उपचार मिळण्याला येथे विशेष महत्त्व आहे.

बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे. १९९६ मध्ये देशात आरंभ झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा हेतूही मानसिक उपचार तालुक्याच्या व गावाच्या पातळीवर नेणे हाच आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ या केंद्र शासनाच्या सेवेत १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य सल्ला मिळतो आणि रुग्णाखेरीज नातेवाइकांनाही तेथे बोलता येते. दूरध्वनीवरील सल्ला प्रत्यक्ष तपासणीची जागा घेत नाही. परंतु पहिल्या लक्षणांनंतर कुठे जावे हे न कळल्याने वाया जाणारे महिने त्यामुळे वाचू शकतात.