शंभर वॉटचा परीघ

एखाद्या परिसरातील लोकांसाठी, त्यांच्याच सहभागाने आणि नफ्याचा हेतू न ठेवता चालविल्या जाणाऱ्या अल्पशक्तीच्या एफएम केंद्राला समुदाय रेडिओ म्हणतात. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयातील न्या. पी. बी. सावंत यांच्या पीठाने 1995 मध्ये दिला. पुढे 2002 मध्ये शिक्षणसंस्थांना आणि 2006 मध्ये स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रांना परवाने खुले झाले, आणि दोनच वर्षांत दुष्काळी माण तालुक्यातील म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ बोलू लागली.

खानदेशात जळगाव शहरातून खानदेश कॉलेज एज्युकेशन सोसायटीचा ‘रेडिओ मनभावन’ 90.8 मेगाहर्ट्झवर चालतो. बालकवींचे जन्मगाव आणि कापसाची पेठ असलेले धरणगाव तेथून सुमारे 30 किलोमीटरवर आहे. परंतु अशा केंद्राची प्रसारणशक्ती सामान्यतः 100 वॉट आणि मनोऱ्याची उंची 30 मीटरपर्यंतच ठेवण्याचे बंधन असल्याने, तसेच एफएम लहरी जवळजवळ सरळ रेषेत जात असल्याने, त्यांचा आवाका दहा-पंधरा किलोमीटरच्या पलीकडे सहसा जात नाही. आकाशवाणीच्या मध्यम लहरी जमिनीलगत दूरवर जात, त्यामुळे त्या प्रसारणाला ही अडचण नव्हती.

ही उणीव इंटरनेटही भरून काढत नाही. डिजिटल दरी, म्हणजे इंटरनेट वापरू शकणारे आणि न शकणारे यांच्यातील अंतर, राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 2017-18 च्या फेरीत स्पष्ट दिसली: देशातील शहरी कुटुंबांपैकी 42 टक्क्यांकडे, तर ग्रामीण कुटुंबांपैकी 14.9 टक्क्यांकडेच इंटरनेटची सोय होती. त्यानंतर मोबाइल स्वस्त झाले, तरी घरातला फोन बहुधा पुरुषाच्या खिशात असतो आणि कापसावरील गुलाबी बोंडअळीचा सल्ला खानदेशच्या अहिराणी बोलीत क्वचितच मिळतो. रेडिओला डेटा लागत नाही, अक्षरओळखही लागत नाही. एफएमची सोय असलेल्या मोबाइलमध्ये इयरफोनची वायरच अँटेनाचे काम करते, मात्र इयरफोनची खाचच काढून टाकलेल्या नव्या फोनमध्ये तीही सोय उरत नाही.

नियमानुसार निम्मे कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार व्हावे लागतात, आणि आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी किंवा स्थानिक भाषेत अनुवादित करून ऐकविण्यापलीकडे बातम्यांना मनाई आहे. हवामान आणि वीजपुरवठ्याची माहिती मात्र बातमी धरली जात नाही, हे ज्याचा कृषिपंप रात्रीच्या विजेवर चालतो त्या शेतकऱ्याला नवलाचेच वाटेल.

जळगाव शहरातील केंद्राची शक्ती वाढवून धरणगावपर्यंतचे हे अंतर मिटणार नाही, कारण प्रश्न ऐकू येण्याइतकाच बोलणाऱ्याचाही आहे. 2006 च्या धोरणाने तीन वर्षे काम केलेल्या नोंदणीकृत संस्थेला 2,500 रुपये शुल्क भरून अर्ज करता येईल अशी तरतूद केली होती. धरणगाव तालुक्यातील एखाद्या महाविद्यालयाने किंवा शेतकरी संस्थेने ती वाट आता धरावी.