गेटवर अडवलं, कागदावर मात्र ‘स्वतः काम सोडलं’

ईदला परभणीला किंवा बीडला गावी गेलात, अम्मी आजारी म्हणून चार दिवस जास्त राहिलात. परत आल्यावर चाकणच्या गेटवर वॉचमन सांगतो, “तुमचं कार्ड बंद आहे.” एचआरचं म्हणणं, न सांगता गैरहजर राहिलात, म्हणजे काम तुम्हीच सोडलं.

हा वाद नुसत्या शब्दाचा नाही. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला कपात म्हणून काढलं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार द्यावा लागतो. महिना १८,००० पगार आणि सहा वर्षं नोकरी असेल तर साधारण ७२,००० रुपये. राजीनामा लिहिला की यातलं काही मिळत नाही. (पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी मात्र राजीनाम्यानंतरही मिळते. ती सोडू नका.)

गैरहजेरी म्हणजे राजीनामा नव्हे. डी. के. यादव विरुद्ध जेएमए इंडस्ट्रीज हा १९९३चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल याच मुद्द्यावर आहे. आठ दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिलं की नोकरी आपोआप जाते, असा कंपनीचा नियम होता. यादव म्हणत होते, मी रोज येतोय, आतच घेत नाहीत. बाजू ऐकून न घेता, चौकशी न करता नाव कमी करता येणार नाही, असं कोर्टाने ठरवलं. नोकरी परत मिळाली, मागचा निम्मा पगारही मिळाला.

पण “रोज येत होतो” हे दाखवायला कागद लागतो. अडवलं त्याच दिवशी एचआरला आणि ठेकेदाराला व्हॉट्सअ‍ॅप करा, मेल करा: ‘मी कामावर हजर आहे, मला आत घेतलं जात नाही.’ दुसऱ्या दिवशी तेच स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा. सुट्टीचा अर्ज, दवाखान्याची चिठ्ठी, एसटीचं तिकीटही ठेवा. पगाराच्या स्लिपवर मालक म्हणून कोणाचं नाव आहे तेही बघा, तक्रार कोणाविरुद्ध करायची ते त्यावर ठरतं.

केबिनमध्ये बसवून “सही कर, नाहीतर एक्सपिरियन्स लेटर नाही” असं म्हणाले तर सही करू नका. तळेगावात जनरल मोटर्सने डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबवलं, तेव्हा अनेक कामगारांनी स्वेच्छा निवृत्तीचा कागद नाकारला आणि त्यांची युनियन कोर्टात गेली. एकट्या माणसाला हे जड जातं, खरंय. सही झालीच असेल तर त्याच दिवशी ‘दबावाखाली घेतली, राजीनामा मागे घेतो’ असं लेखी कळवा. महिनाभराने सांगितलं तर कोर्टात विश्वास बसणं अवघड, कारण जबरदस्ती सिद्ध करणं तुमच्यावर असतं.

तक्रार आधी पुण्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात समेटासाठी जाते. ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही तर कामगार स्वतः न्यायाधिकरणात जाऊ शकतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत त्याची मुदत तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आहे. राजीनामा असो वा बडतर्फी, शेवटचा पगार दोन कामाच्या दिवसांत द्यावा लागतो. तो घेताना ‘काही येणं बाकी नाही’ या ओळीखाली सही मागतात. तिथे ‘हक्क राखून’ असं लिहा, मग सही करा.